नोलीनच्या उंचीचा डेक

मी काउन्सिलच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, बांधकाम परवान्यांच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसले. त्यामुळे आमच्या पोर्ट चाल्मर्समध्ये कुणाच्या हातात हातोडा असला आणि मी समोर आले, की हातोडा आधी पाठीमागे जातो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तेच. "काही नाही गं ग्लेनिस, जरा कुंपण ठाकठीक करतोय," म्हणतात, आणि मागे अख्खं गॅरेज उभं असतं.

शेजारचा क्लाइव्ह रेनी मात्र कधी काही लपवायचा नाही. त्याची तऱ्हाच वेगळी. छत्तीस वर्षं बंदरात सुतारकाम केलेला माणूस. ज्यांना काम येत नाही त्यांनीच परवानगी मागावी, असं त्याचं ठाम मत. त्यामुळे परवानगी लागणारच नाही अशा बेतानं तो प्रत्येक गोष्ट बांधायचा. शेड नियमापेक्षा चार बोटं लहान, भिंत नियमापेक्षा चार बोटं बुटकी. वर मलाच सांगायचा की तुझा कायदा मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. बहुतेक वेळा ते खरंच असायचं, आणि म्हणूनच मला त्याचा राग यायचा.

दुसरी खोड म्हणजे मदत घ्यायची नाही. गावात कुठेही शनिवारचं श्रमदान असू दे, शाळेचं छप्पर असो की कुणाच्या आईच्या पायऱ्या, क्लाइव्ह स्वतःचं फावडं घेऊन सगळ्यात आधी हजर. पण त्याच्या स्वतःच्या घरी तीस वर्षांत एकदाही श्रमदान झालं नाही. कुणी विचारलं तर एकच उत्तर: माझं मी बघतो.

त्या एप्रिलमध्ये त्याच्या बायकोला, नोलीनला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ वाचली, आणि नोलीनची जीभ वाचली म्हणजे निम्मी नोलीन वाचली असं आम्ही म्हणायचो. पण बाई मातीतली. घरामागचा तो सगळा उतार, बंदराच्या पाण्यापर्यंत गेलेला, तिनं एकेचाळीस वर्षं एकटीनं पिकवला. वाटाणे, घेवडा, रुबार्ब, आणि बटाटे. ख्रिसमसच्या दिवशी तिच्या टेबलावर विकतचा बटाटा कधी आला नाही. सप्टेंबरात लावायचे आणि पंचवीस डिसेंबरला सकाळी खणून दुपारी पुदिना घालून उकडायचे. आमच्याकडे ही काही साधी गोष्ट नाही. डिसेंबर लागला की कुंपणापलीकडून लोक हीच चौकशी करतात, तुझे तयार झाले का म्हणून.

आता ती चाकाच्या खुर्चीत आली. घर उतारावर, मागचं दार उघडलं की समोर बागेत उतरणाऱ्या अकरा पायऱ्या. जून महिना ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे बघत बसून होती. मुलगी जॅनीन डनेडिन शहरातून दर रविवारी यायची. ती पोर वाईट नाही, पण बापाचे हात थरथरायला लागलेत हे तिनं बघितलं होतं. तिनं मॉसगिलच्या वृद्धाश्रमात आईसाठी जागा बोलून ठेवली. जानेवारीपर्यंत ती जागा धरून ठेवणार होते.

एका रविवारी मी स्कोन, म्हणजे घरी भाजलेले गोडसर पाव, घेऊन गेले तेव्हा हेच बोलणं चाललं होतं. क्लाइव्ह खिडकीकडे तोंड करून उभा. नोलीन अगदी शांतपणे म्हणाली, "भिंतीकडेच बघायचं असेल तर तिथली भिंत काय वाईट आहे? मला बाहेर बसून माझी माती दिसली पाहिजे आणि हात तिच्यात घालता आला पाहिजे. ख्रिसमसला माझ्या हातचे बटाटे असले तर मी राहीन. विकतचे आणावे लागले तर जानेवारीत जाईन. कुणी रडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत असताना क्लाइव्ह मागच्या अंगणात खुंट्या ठोकून दोरी ताणत होता.

डेक बांधायचा होता, म्हणजे घराला लागून लाकडी फळ्यांचा ओटा. घराच्या जमिनीच्या पातळीला, म्हणजे खुर्ची दारातून सरळ बाहेर यावी. मी कुंपणावरून विचारलं, टोकाला उंची किती येते? तो म्हणाला, एक मीटर तीस. दीड मीटरच्या आत, तुझी परवानगी लागत नाही, आता जाऊन चहा घे. मी म्हटलं, परवानगी लागत नाही हे खरं, पण नियम सुटत नाहीत. एक मीटर किंवा त्याहून जास्त खाली पडायला जागा असेल तर कठडा हवा, तोही मीटरभर उंच, आणि पट्ट्यांच्या फटी अशा की लेकराचं डोकं जाणार नाही. तो म्हणाला, आमच्याकडे लेकरं नाहीत. मी म्हटलं, चाकाची खुर्ची आहे ना.

त्यावर त्यानं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. आता वाटतं, त्या दिवशी मी जरा गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मी गप्प बसणाऱ्यातली असते तर एकोणीस वर्षं त्या खिडकीत टिकले असते का?

जुलै आणि ऑगस्ट, पृथ्वीच्या आमच्या दक्षिण टोकाला ऐन थंडीचे दोन महिने, तो माणूस एकटा राबला. वय चौऱ्याहत्तर. खड्डे स्वतः खणले, काँक्रीट स्वतः कालवलं. एकदा लांब तुळई एका टोकाला खांद्यावर घेऊन दुसरं टोक दोरीनं वर ओढताना बघितला तेव्हा मी ओरडलेच. पलीकडच्या गल्लीतला रांगी, रस्त्याच्या कामावर छोटा ट्रक चालवणारा, दोनदा येऊन विचारून गेला. दोनदा तेच उत्तर मिळालं. काम मात्र असं सुरेख की बोट फिरवावं. प्रत्येक खिळा एका रेषेत. आणि कठडा नियमाप्रमाणे: मीटरभर उंच, उभ्या पट्ट्या, फटीत माझी मूठ जात नव्हती. त्यानं मुद्दाम मला बोलावून मूठ घालायला लावली.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ऊन पडलं. क्लाइव्हनं दाढी केली. जॅनीन केक घेऊन आली. मी पण गेले. त्यानं नोलीनची खुर्ची दारातून बाहेर ढकलली, उंबऱ्यावर चाक अडकलंसुद्धा नाही, आणि कठड्यापाशी नेऊन थांबवली. आम्ही सगळे तिच्यामागे उभे. समोर बंदर चमकत होतं, एक मालवाहू जहाज वळत होतं, खाली बाग.

नोलीन बराच वेळ बघत राहिली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग म्हणाली, "क्लाइव्ह, मला आत ने."

त्याला वाटलं थंडी वाजली. जॅनीननं शाल आणली. नोलीननं ती बाजूला केली. आत गेल्यावर ती जॅनीनला म्हणाली की तो मॉसगिलचा कागद आणलास तर सही करून टाकते, उगीच जानेवारीपर्यंत कशाला. केक कुणी कापला नाही.

घरी आले, पण चैन पडेना. मला वाटत होतं बाई कृतघ्न आहे, इतकं केलं नवऱ्यानं. दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह तिला डॉक्टरकडे घेऊन गेला होता, तेव्हा मी त्यांच्या डेकवर गेले. का गेले, माहीत नाही. तिथल्या बाकावरची उशी ओली होती म्हणून दुधाचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसले; खुर्चीत खचून बसणाऱ्या नोलीनइतकेच माझे डोळे खाली आले. आणि बघितलं तर काय? पट्ट्या. नुसत्या पट्ट्या. पट्ट्यांच्या वर आडवा दांडा, त्याच्या वर आभाळ. बाग नाही, बंदर नाही, जहाज नाही. फटीला डोळा लावला तर घेवड्याची एक काठी तेवढी दिसत होती. हा कठडा मी लावायला लावला होता. आयुष्यभर मी लोकांना लांबी विचारली, रुंदी विचारली, उंची विचारली. इथे बसणार कोण, हे एकदाही विचारलं नाही.

ते परत आले तेव्हा मी क्लाइव्हला मागे बोलावलं आणि म्हटलं, बस इथे. तो म्हणाला काम झाल्याशिवाय मी बसत नाही. मी म्हटलं, "काम झालंय. दोन महिने इथे राबलास, एकदा तरी बसलास का?"

तो क्रेटवर बसला. मिनिटभर बसला. मग त्यानं हात पुढे करून एका पट्टीला धरलं, गजाला धरतात तसं. "अरे देवा," म्हणाला, "मी तिला पिंजऱ्यात घातलं." आणि तो रडला. मी त्याला नोलीन इस्पितळातून घरी आली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. मी पण क्रेटशेजारी फळ्यांवर बसले.

मग तो उठून करवत आणायला निघाला. कठडा कापून टाकतो म्हणे, तुझ्या काउन्सिलला काय करायचं ते करू दे. मी म्हटलं वेडा आहेस का, एक चाक घसरलं की संपलं. त्यांच्याबरोबर डॉक्टरकडून आलेल्या जॅनीननं काचेचा कठडा सुचवला. नोलीन आतून ओरडली की काचेमागे बसायला मी काय दुकानातली बाहुली आहे? मातीत हात कसा घालू?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकोणीस वर्षं जो नियम तोंडपाठ म्हणत होते तो पहिल्यांदा नीट ऐकला. नियम कठड्याचा नाहीच. नियम पडण्याचा आहे. एक मीटर पडायला जागा असेल तर कठडा. जागाच नसेल तर नको. मग डेक खाली येत नसेल तर जमीन वर आणा. डेकला लागून दोन खुर्च्या मावतील इतक्या रुंदीची मातीची पायरी करायची, डेकपासून अर्धा मीटर खाली. तिच्या पुढे उतार आणखी ऐंशी सेंटिमीटर, त्याला जाड लाकडांचा बांध. दोन्ही टप्पे मीटरच्या आत. कडेला चाक अडायला वीतभर उंच लाकूड बस्स. मी कागदावर काढून दाखवलं. खात्री म्हणून माझ्या जुन्या खिडकीतल्या नव्या मुलीलाही जाऊन विचारलं. तिनं दोनदा वाचलं आणि चालेल म्हणाली.

क्लाइव्हनं कागद बघितला, ओठ हलवत हिशेब केला. नऊ ट्रक माती, म्हणाला. मग बोटं मोजली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बटाटे गेले नाहीत तर ख्रिसमसला येत नाहीत. एकट्यानं जमत नाही हे त्याला कळलं, पण तोंडातून निघेना.

नोलीननं खुर्ची दारापर्यंत आणली होती. ती मला म्हणाली, "ग्लेनिस, त्याला विचारू नकोस. सांग."

मी मासे तळणाऱ्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली: रेनींकडे शनिवारी श्रमदान, फावडं आणा. एवढंच. अर्ध्या गावाला वाटलं मी थट्टा करतेय. पण शनिवारी सकाळी सात वाजता रांगीचा ट्रक आला, त्याच्या मामाच्या कुरणातली काळी माती भरून, नऊ खेपांतली पहिली, आणि मागे माणसांची रांग. जिच्या पायऱ्या क्लाइव्हनं केल्या होत्या ती म्हातारीसुद्धा चीज स्कोनचा डबा घेऊन आली आणि खुर्ची टाकून सगळ्यांना हुकूम सोडत बसली. क्लाइव्ह पहिला तासभर कुठे उभं राहावं ते न कळल्यासारखा फिरत होता. शेवटी रांगी त्याला म्हणाला, "काका, तीस वर्षं तुम्ही आमच्याकडे येऊन आम्हाला लाजवलंत. आज तुमची पाळी. सॉसेज भाजा."

तो सॉसेज भाजत उभा राहिला. निम्मे करपवले. कुणी काही बोललं नाही, फक्त मी बोलले.

दुपारी चारपर्यंत बांध झाला, माती भरली, तुडवली. कठडा उतरवायचं काम मात्र क्लाइव्हनं कुणाला करू दिलं नाही. पट्ट्या एकेक करून काढल्या, आणि त्याच पट्ट्यांचा एक लांब खोका केला. तो डेकच्या डाव्या टोकाला ठेवला, म्हणजे समोरचं काही अडणार नाही आणि नोलीनचा चांगला हात पोचेल. उंची ठरवताना माप घेतलंच नाही. तिची खुर्ची शेजारी लावली आणि तिनं कोपर टेकवून सांगितलं, इथे. खोक्यात माती भरली. दुसऱ्या दिवशी तिनं डाव्या हातानं मोड आलेले बारा बटाटे लावले. त्याला एक तास लागला. क्लाइव्हनं मदतीला हात पुढे केला तर तिनं खुरप्याची मूठ त्याच्या बोटांवर मारली.

नोव्हेंबरात गारा पडल्या आणि पाला झोडपला गेला. ते दहा दिवस त्या घरात कुणी बटाट्याचं नाव काढलं नाही. मग नवी पानं फुटली.

ख्रिसमसच्या सकाळी मला त्यांनी बोलावलं होतं. जॅनीन टेबल मांडत होती. तिनं गुपचूप दुकानातून दोन किलो बटाटे आणून गाडीत ठेवले होते, मला दाखवलेसुद्धा. मी म्हटलं ते गाडीतच राहू देत. नोलीननं खोक्यात हात घातला. कोपरापर्यंत घातला. डोळे मिटले होते तिनं. आम्ही तिघं मागे उभे, ऑगस्टमधल्यासारखेच.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत एक बटाटा होता, अंड्याएवढा, पांढराशुभ्र. मग दुसरा. मग ती मोजायची थांबली आणि नुसती काढत राहिली. मांडीवरचा टॉवेल भरला.

मॉसगिलच्या लोकांना एक तारखेला कळवायचं होतं, त्यांना काय सांगू, असं जॅनीननं विचारलं. नोलीननं मागे न बघता एक बटाटा तिच्या हातात दिला. "धू," म्हणाली. "साल काढू नकोस."

जॅनीन आत गेली. नळाचा आवाज येत राहिला, बटाटे धुवायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ. मी पुदिना तोडायला निघाले. वळून बघितलं तर क्लाइव्ह तोच दुधाचा क्रेट आणून नोलीनच्या खुर्चीशेजारी टेकला होता. खाली घेवडा फुलला होता, पलीकडे एक जहाज बंदरात शिरत होतं, आणि दोघंही एकाच उंचीवरून ते बघत होते. मी हाक मारली, ताटं मांडायला ये म्हटलं. तो म्हणाला, जरा बसू दे गं.