दुपट्ट्याखालची शिष्यवृत्ती

माझ्या मुलीच्या दोन शिष्यवृत्त्या मी एकाच दुपारी घालवायला काढल्या. एक गेलीसुद्धा.

मी संत्र्याचा व्यापारी. पारशिवनीकडच्या बागांतला माल झाडावरच घ्यायचा आणि नागपुरात विकायचा, हा धंदा मी शून्यातून उभा केला. (शून्य म्हणजे सासऱ्यांची बैलगाडी, पण बैल माझे होते.) आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. जमलं नाही तर उठून चालू लागायचं. मग समोरचा हाक मारतोच.

शांता मॅट्रिकला तालुक्यात पहिली आली. एका कॉलेजानं फी माफ केली. दुसऱ्यानं फीही माफ केली आणि वसतिगृहही. कुठलाही शहाणा बाप दुसऱ्या कॉलेजात नाव घालून घरी जेवायला गेला असता. मी शहाणा नव्हतो, व्यापारी होतो.

आधी पहिल्या कॉलेजात गेलो.

"साहेब, तिकडं फी माफ, राहणं माफ. तुमचं बोला."

"आमचं कळवलंय की," प्राचार्य म्हणाले.

"तो पहिला भाव झाला." मी टेबलावर दुपट्टा पसरला आणि खालून हात सरकवला. "द्या हात."

प्राचार्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "लाच देताय? माझ्या टेबलावर?"

माझं डोकं तापलं. "उठ वं शांते," म्हणालो आणि निघालो. दारात चप्पल शोधायला मुद्दाम वेळ लावला. हाक आली नाही. चपराशी आला. त्यानं चप्पल शोधून दिली आणि "सावकाश जा, काका," म्हणाला. आतून प्राचार्यांचा आवाज आला खरा, पण ते यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावून राहिले होते. तो माणूस मला एक हाक देणं लागतो, असं माझं आजही म्हणणं आहे.

सायकलरिक्षात शांता म्हणाली, "बाबा, तिथं दुपट्टा पसरू नका."

"नाही पसरत." शब्द पाळला. दुपट्टा तिच्याच हातात दिला.

दुसऱ्या कॉलेजात प्राचार्य बाई होत्या. मी म्हणालो, "बाई, ते तिकडचे कॉलेजवाले फी, राहणं आन् पुस्तकंही देऊन राहिले. पोरगी तिकडंच निघाली होती. म्हटलं, तुमाले एकदा विचारावं."

"पुस्तकंसुद्धा?" बाईंनी फोन उचलला.

(कॉलेजं एकमेकांचा भाव फोनवर विचारतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या बाजारात याला बेइमानी म्हणतात.)

फोन ठेवून बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, तुम्ही लाच देत होता. आणि ती जागा आता दुसरीला दिली."

आता एवढी एकच शिष्यवृत्ती उरली होती. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी उठलो. "चाल वं शांते. आपल्याले ठिकाणं कमी नाहीत." ठिकाण एकही नव्हतं.

दारापर्यंत पोचलो, तर पावलं फक्त माझीच वाजत होती. शांता खुर्चीतच. जन्मात पहिल्यांदा माझा माल उठायला तयार नव्हता.

"उठत काहून नाहीस?"

"बाबा, तुमी बाहेर थांबा. मले बोलू द्या."

व्हरांड्यात बाक होता, पण बसवेना. मी येरझारा घातल्या, खिडकीला कान लावला, माळ्यानं हटकल्यावर काढला. पोरगी आता परत गावी जाणार आणि तिची आई मला त्याच बैलगाडीला जुंपणार, हे स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात चपराशी आला. "काका, बाईंनी बोलावलं."

आली ना हाक! मी थोडा वेळ उगाच भाव खाल्ला आणि आत गेलो. बाईंना पालकाची सही हवी होती, बस. फी माफ, वसतिगृह माफ, आणि पुस्तकंही कॉलेजच देणार होतं.

घरी येताच बायकोला म्हणालो, "पाहिलं? पुस्तकं मी मागितली होती."

"हो," शांता ताट वाढून घेत म्हणाली. "बाई म्हणाल्या, फी आन् राहणं मार्कांवर. पुस्तकं बाबांकडे पाहून."

'बाबांकडे पाहून' हे मी बाजारात आजही छाती फुगवून सांगतो. काय पाहून, ते अजून तरी कोणी विचारलेलं नाही.