साफ केलेल्या पापण्या

चिमटेवालीचा हात हलका. पापणीचा केस आत वळून बुबुळाला टोचायला लागला, की वस्तीतल्या बायका तिच्याच ओट्यावर येऊन मान मागे टाकत. ती उजेडाकडे तोंड करून एकेक केस मुळासकट उपटून देई. थोडे दिवस सुख लागे. मग केस पुन्हा येत, आखूड, राठ, आधीपेक्षा दुष्ट. लहानपणापासून डोळे येत राहिले, की पापणी अशी आतून आक्रसते. पाणी लांब आणि घरात सगळ्यांची तोंडं पुसायला एकच फडकं, तिथे दुसरं काय होणार!

तिची सून घरात आली तीच असे डोळे घेऊन. सासू-सुनांचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. ही मात्र रोज सासूच्या मांडीवर डोकं टाकायची. "आई, कडेचा एक राहिला बघा." घर सुनेच्या शिवणकामावर चालायचं.

शस्त्रक्रियेचं शिबिर येणार होतं. नर्सबाई दटावून गेल्या होत्या, केस उपटत बसू नका, पापणीच सरळ करून घ्या. सासूने सुनेचं नाव सगळ्यांत आधी दिलं. आणि आदल्या संध्याकाळी तिच्या पापण्या एकही केस न ठेवता साफ केल्या. गळक्या डोळ्यांनी पोरीला चार लोकांत कसं न्यायचं?

शाळेच्या व्हरांड्यात झुंबड उडाली होती. डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने बॅटरी मारली. "टोचणारा केस दिसत नाही. उपटता का?"

नर्सबाई शेजारीच उभ्या. सून घाबरून म्हणाली, "नाही." सासूनेही ओठांवर आलेलं गिळलं.

"मग गरज नाही. पुढच्या या."

पुढचं शिबिर यायला वर्षं गेली. तोवर सुनेच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडून नजर गेली, शिलाईचं मशीन विकलं गेलं. या वेळचे डॉक्टर स्पष्टच बोलले, "पापणी सरळ करतो, टोचणं थांबेल. नजर येणार नाही."

टाके निघाले त्या दुपारी सून भिंतीला टेकून बसली. "आई, टोचत नाही आता."

सासूच्याने राहवेना. "शिव्या दे गं मला. माझ्याच हाताने वाटोळं झालं तुझं."

"तुमच्या कशाने? 'नाही' तर मी म्हणाले," सून हळूच म्हणाली. "माझ्यामुळे घराची कमाई बुडाली म्हणून तुम्ही मला हाकलून द्याल, या भीतीने तो विषय कधी काढला नाही."

इतकी वर्षं सूनही तसाच अपराध उराशी घेऊन बसली होती. सासूला धड रडूही येईना.