चवळीवरचे ढालकिडे

वलगावच्या आमच्या दहा गुंठ्यांतल्या भाजीचं हल्ली लोक कौतुक करतात. शहरात, राजापेठेत, ओळखीचे भेटले की थांबवून विचारतात, काका, विषारी औषध न मारता एवढी भाजी येते कशी? मी चार गोष्टी सांगतो. त्यातली एकही माझी नाही. सगळ्या माझ्या वहिनींच्या आहेत. आणि त्याच वहिनींबद्दल गावात सहा वर्षं एक चुकीची गोष्ट बोलली जाते, ती माझ्यामुळे.

भाऊ गेल्यावर वहिनींनी हा तुकडा एकटीनं उभा केला. त्यांचं माहेर भाजीवाल्यांचं, आम्ही कपाशीवाले. आमच्याकडे पानावर किडा दिसला की पंप पाठीवर. वहिनी आधी पान उलटून बघत. कोबीच्या कडेनं त्या मोहरीची एक ओळ लावत. किड्यांनी ती खावी, कोबी सोडावा, असा हिशेब. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, एकदम पेरायचा नाही, दर आठवड्याला हातभर जागेत, म्हणजे कोवळी जुडी कधी खंडत नाही. बांधावर ओवा, तुळस, गवती चहा. पाठीवर काळे ठिपके असलेला लाल ढालकिडा पानांचा रस शोषणारा मावा खाऊन फस्त करतो, हे मला त्यांनीच दाखवलं. "हे माहे गडी," म्हणत. "मजुरी मागत नाई, चहा मागत नाई."

सहा वर्षांपूर्वी चवळीवर मावा आला. वहिनींची लेक अकोल्याला, जठारपेठेत; तिचं बाळंतपण आलं. निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, निंबोळीचा अर्क मारला हाये. आता आठ दिवस हात लावू नोका. गडी येऊन राहिले."

तिसऱ्या दिवशी शेंडे काळे पडले. मला ते बघवेना. कपाशीचं अर्धी बाटली औषध घरात होतं. सकाळीच मारलं, पंप धुऊन जागेवर ठेवला. संध्याकाळपर्यंत मावा साफ. मला तर अभिमानच वाटला.

वहिनी परत आल्या आणि सवयीनं पान उलटलं. मग खाली पाहिलं. मातीवर ढालकिडे उताणे पडले होते. त्या बांधावर बसल्या.

"अर्क लय कडक झाला का वो, भाऊजी? माहेच गडी मारले म्या."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होते असं कधी कधी."

त्यांनी सगळी चवळी उपटून खड्ड्यात पुरली. एक जुडी बाजारात जाऊ दिली नाही. बचत गटाच्या बाया त्यांच्याकडे अर्क शिकायला येत, त्यांनाही स्वतःहून सांगितलं, माझं चुकलं. दुसऱ्या कोणी झाकून ठेवलं असतं. मी ठेवलंच होतं. बाया हळूहळू यायच्या बंद झाल्या. वहिनींचा अर्क पीक बिघडवतो, असं गावात झालं.

एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं यंदा उन्हाळ्यात कळलं. वहिनींचे गुडघे गेले, म्हणून अर्क करायचं काम माझ्याकडे आलं. निंबोळी किती घेऊ, विचारलं.

"अडीच डबे."

"पाच घेत होत्या ना?"

"त्या चवळीपासून अर्ध्यावरच आणलं. पुन्हा गडी मेले तर?"

म्हणजे सहा वर्षं त्या अर्ध्या ताकदीचा अर्क मारत होत्या, आणि तो पुरेना म्हणून रोज सकाळी वाकून वांग्यावरच्या अळ्या हातानं वेचत होत्या. मी ते पाहत होतो. मला वाटायचं, त्यांची पद्धतच असेल.

तिथेच, अर्काच्या टाकीशेजारी, मी सांगून टाकलं.

"म्हंजे अर्क बराबर होता माहा?"

"बरोबर होता."

"पाच डब्याचा?"

"पाचचाच."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटलो. मग आवाज चढला. "सहा वर्सं मूग गिळून बसले! काहून? मले अळ्या येचाले लावल्या अन् सोता काठावर चहा पेत बसले?"

मी म्हणालो, चुकलं.

"मले नोका सांगू. बायाईले सांगा."

निरोप पाठवून बायांना बोलावलं. अकरा होत्या पूर्वी, सात आल्या. मी उभं राहून सगळं सांगितलं, औषधाच्या बाटलीसकट. एक जण म्हणाली, "काकाजी, कपाशीवाल्याच्या भरोशावर भाजी सोडली, हेच काकूचं चुकलं." सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी बायांना मोहरीची ओळ दाखवायला नेलं, काठी टेकत, आणि त्यांचं बोलणं मला दूरवर ऐकू येत राहिलं.

ज्या चौघी आल्या नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वहिनी अजून माझ्याशी तुटकच बोलतात. अर्क मात्र माझ्याकडूनच करून घेतात. पाच डबे, आणि प्रत्येक डबा पडेपर्यंत समोर उभ्या राहतात.