आयराला उचलायचं तर

आयराला आणखी दहा वर्षांनी कोण उचलणार, हा प्रश्न रुखसारच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. भाकरी थापताना तो यायचा, नमाजाला बसली की यायचा, कामशेतच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडतानाही यायचा. आयरा तिची एकुलती एक मुलगी. जन्मापासून पायांत बळ नाही, डावा हात अर्धाच चालतो. जीभ मात्र आई-बाप दोघांच्या मिळून होईल इतकी चालते. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून पुन्हा खुर्चीत, असं दिवसातून दहा-बारा वेळा तिला उचलावं लागे. आणि ते काम रुखसार दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

आयराच्या वाढदिवसाला तिचं वजन करायचं, अशी घरची रीतच पडली होती. गफूरचं तांदळाचं दुकान, मोठा वजनकाटा दारातच. आधी रिकामी खुर्ची चढवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग आयरासकट खुर्ची. यंदा चौदावा वाढदिवस. काटा अडतीसवर थांबला.

"अब्बू, काय भावानं लावताय मला?" आयरानं विचारलं.

"तू आंबेमोहोर. कुणाला परवडायची नाहीस."

"आंबेमोहोराची कणी म्हणा. आख्खा दाणा कुठाय?"

गफूर हसला आणि उगाच पावतीपुस्तक शोधू लागला. रुखसारनं पोरीला एक टपली मारली, काखेत हात घातले आणि रिक्षात बसवण्यासाठी उचललं. उचलताना तिच्या तोंडून हुंकार निघाला. पाच किलो तांदूळ घ्यायला आलेली एक मुलगी तो ऐकून वळली. ती चैताली, टाकवे गावची. स्टेशन रोडला औषधाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बायकांचे व्यायामाचे वर्ग घ्यायची.

"काकी, राग मानू नका. सगळं वजन तुम्ही कमरेवर घेताय. पायांवर घ्यायला हवं. सकाळी सातला माझी फक्त बायकांची बॅच असते. तीन महिने या, फरक तुमचा तुम्हालाच कळेल."

महिन्याला पंधराशे रुपये, वर बूट वेगळे. रुखसार बी. कॉम. झालेली, दुकानाचा हिशेब तीच बघायची. पंधराशे रुपयांनी घर बुडणार नव्हतं. पण स्वतःच्या अंगावर पैसे घालायचे, हे तिच्या मनाला पटेना. आजारी पडलं तर डॉक्टरला द्यावेत, ते ठीक. धडधाकट असताना कशाला?

गफूरनं तर हसण्यावारीच नेलं. "दिवसभर उचलतेसच की! आणखी काय व्यायाम? आणि वजनंच उचलायचीत तर दुकानात तीस-तीस किलोचे कट्टे पडलेत. आपल्या हमालांनी कधी व्यायामशाळा पाहिलीय? बघ कसे आहेत."

बोलणं गमतीचं होतं. रुखसारनं मात्र ते मनावर घेतलं. खरंच की, हमालांतला अंबाजी साठीला आला तरी कट्टा पाठीवर टाकून झपाझप चालतो. फी नको, बूट नकोत, लोकांनी बघायला नको. दुपारी बाजार निवला, हमाल जेवायला गेले, की ती गोदामात जायची. जमिनीवरचा कट्टा दोन्ही हातांनी कवटाळायचा, छातीपर्यंत आणायचा, पुन्हा ठेवायचा. पहिल्या दिवशी पाच वेळा, आठवड्यानं दहा वेळा. दंड दुखायला लागले तशी ती खूश झाली. बळ येतंय म्हणायचं!

बाराव्या दिवशी सातव्यांदा कट्टा उचलताना कमरेत काहीतरी लचकलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. कट्टा फुटला, तांदूळ पसरला आणि त्या तांदळात ती गुडघ्यावर बसली ती बसलीच. उठता येईना.

जेवून परतलेल्या अंबाजीनं तिला पाहिलं. आधी गफूरला हाक मारली, मग सगळा प्रकार ऐकून कपाळावर हात मारला.

"भाभी, आमी कवा भुईवरनं एकट्यानं कट्टा उचलतो वो? दोघं हात देत्यात, तवा पाठीवर येतो. न्हाईतर थप्पीवरनं सरळ खांद्यावर. तुमी निम्मंच बघितलं."

"पण तुमचं अंग कसं दणकट राहिलंय, अंबाजीभाऊ?"

"दणकट?" अंबाजीनं सदरा वर केला आणि पाठ फिरवली. उजवा खांदा चार बोटं खाली उतरलेला, कणा बाकदार. "कामानं अंग घडत न्हाई, झिजतंय. रात्री पालथं झोपाया येत न्हाई मला. ह्ये शिकाया आलता व्हय तुमी?"

डॉक्टरांनी तपासलं. मणक्याला काही झालं नव्हतं, स्नायू दुखावला होता. तीन दिवस वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. "या वेळी निभावलं," ते म्हणाले. "पाठीत ताकद नसेल तर पुढच्या वेळी निभावेलच असं नाही."

ते तीन दिवस गफूरनं आयराला उचललं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, इतपत त्याला जमत होतं. पण न्हाणीघराच्या दाराशी दोघंही घुटमळायचे. चौदा वर्षांची मुलगी आणि तिचा बाप. शेजारच्या मुक्ताबाई सकाळ-संध्याकाळ येऊन तेवढं उरकून जायच्या. त्यांचेही गुडघे धरलेले, चार वेळा कुठून येणार बिचाऱ्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी रुखसारचं लक्ष आयराच्या पेल्याकडे गेलं. सकाळी भरून ठेवलेला पेला तसाच होता.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"तहान नाही."

"एवढ्या उन्हात?"

आयरा खिडकीबाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना, अम्मी. मुक्ताकाकी सहाला येणार आहेत."

रुखसार पलंगावर आडवी होती. उठून पोरीला जवळ घ्यावं, तर तेही करता येत नव्हतं. तिनं हात लांब करून पेला आयराच्या हातात दिला. "पी. आत्ता, माझ्यासमोर. मुक्ताबाईंना मी बोलावते. त्या नाही आल्या तर मी उठेन."

आयरानं पेला रिकामा केला. मुक्ताबाई कंबर धरत, देवाचं नाव घेत आल्या आणि सगळं करून गेल्या.

नंतर रुखसार छताकडे बघत हिशेब मांडू लागली. आज ती एक्केचाळीस वर्षांची. असंच उचलत राहिली तर पन्नाशीपर्यंत पाठ जाणार, तेव्हा आयरा तेवीस वर्षांची असेल. अंग कमावलं, नीट उचलायला शिकली, तर कदाचित पासष्टीपर्यंत रेटता येईल. म्हणजे पंधरा वर्षं. पंधरा वर्षं पोरगी पोटभर पाणी पिईल. या बाजूला हे, आणि त्या बाजूला महिन्याचे पंधराशे आणि रोजचा एक तास.

त्या तासापाशीच सगळं अडत होतं. सकाळी सात ते आठ. तीच आयराची उठायची, आवरायची वेळ. मुक्ताबाईंना रोज राबवणं शक्य नव्हतं. गफूरला ते जमणारं नव्हतं आणि आयराला ते नको होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं गफूरला सांगितलं, "मी चैतालीकडे जाणार आहे. सोमवारपासून."

गफूरनं या वेळी थट्टा केली नाही. फुटलेला कट्टा त्याच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. "जा. पैशांचं मी बघतो. पण सकाळी हिचं कोण करणार?"

"फुप्पी," आयरा म्हणाली.

दोघांनीही घास थांबवला. खुर्शीदा ही गफूरची थोरली बहीण. विधवा, लोणावळ्यात एकटी राहणारी. वीस वर्षं चिक्कीच्या कारखान्यात गरम पाकावर लाटणं फिरवलेली बाई, मनगटं पुरुषासारखी. चार वर्षांपूर्वी ती आयराला आंघोळ घालत होती, तेव्हा ओल्या फरशीवर पाय घसरला आणि आयराच्या हनुवटीला तीन टाके पडले. रुखसार तेव्हा चारचौघांत म्हणाली होती, "आपा, पुन्हा माझ्या मुलीला हात लावू नका." तेव्हापासून खुर्शीदा फक्त ईदेला यायची, लांबूनच आयराची विचारपूस करायची, शीरखुर्मा खाऊन परत जायची.

"तिचं काम दहाला सुरू होतं," आयरा घाईघाईनं म्हणाली. "सकाळच्या लोकलनं येऊन परत जाऊ शकते. मी वेळापत्रक बघितलंय."

"तुला भीती नाही वाटत? तुला पाडलं होतं तिनं."

"पाय घसरला होता तिचा. परवा तुझी कंबर घसरली. मी तुला म्हटलं का, हात लावू नको म्हणून?"

गफूर खाली मान घालून जेवत होता, पण त्याच्या मिश्या हलत होत्या. रुखसारला आधी राग आला, मग लाज वाटली. आपल्याशिवाय पोरीचं कुणी करू शकत नाही, हे तिनं इतकी वर्षं दागिन्यासारखं मिरवलं होतं. त्याची किंमत आयरानं काल तहानलेली राहून मोजली होती.

"मी बोलतो आपाशी," गफूर म्हणाला. "तुला अवघड जाईल."

"नको. तेव्हा बोलले मी होते. फोनही मीच करणार."

तिनं हात धुतले. टेबलाचा आधार घेऊन, गुडघे वाकवून, कंबर ताठ ठेवून ती सावकाश खुर्चीत बसली. मोबाइलमध्ये खुर्शीदाचं नाव शोधलं. या नंबरवर तिनं चार वर्षांत एकदाही फोन लावला नव्हता. नाही म्हणाली तर उद्या पुन्हा लावायचा, उद्याही नाही म्हणाली तर लोकल पकडून लोणावळ्याला जायचं, हे ठरवूनच तिनं नाव दाबलं आणि फोन कानाला लावला.