दोघांत एक चेंडू

पोर्टकेअर्नच्या गोल्फ मैदानाला फाटक नाही. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची, खुरट्या गवताची जी पट्टी आहे तिच्यावर नऊ होल आहेत, आणि ती पट्टी कुणाच्या बापाची नाही, गावाची आहे. हे वाक्य नेट्टा स्पिंकने नगरपालिकेच्या सभांमध्ये इतक्यांदा ऐकवलं होतं की ती खुर्चीवरून उठली की कारकून पेन खाली ठेवायचा. पुढचं त्याला पाठ होतं. मैदानाच्या कडेला दगडी क्लब आहे. तिथे टाय लावून व्हिस्की प्यायची असते. ती इमारत त्यांची, गवत नाही. गवतावर मच्छीमार, गवंडी, शाळेचे जिने पुसणाऱ्या बायका, सगळे खेळतात. बापाच्या जुन्या काठ्या खांद्यावर टाकून येतात आणि थर्मासमधला चहा पितात.

एकदा नगरपालिकेने ही पट्टी एका हॉटेलवाल्याच्या घशात घालायचं ठरवलं. गावातल्या बायकांना तिथे कपडे वाळत घालायचा जुना हक्क आहे. दुसऱ्या होलच्या बाजूला त्यासाठीचे लोखंडी खांब अजून उभे आहेत. हॉटेलवाला जागा बघायला येणार त्या सकाळी नेट्टाने अख्ख्या गल्लीचं धुणं बाहेर काढलं. चादरी, दुपटी, म्हाताऱ्यांच्या लोकरी चड्ड्या. पहिल्या झेंड्यापासून नवव्यापर्यंत दोऱ्याच दोऱ्या. हॉटेलवाला गाडीतून उतरलाच नाही. लोक अजून ती गोष्ट सांगून हसतात. नेट्टा मात्र हसत नसे. जिंकलेल्या भांडणाचं तिला कौतुक नव्हतं. हरलेलं एक भांडण होतं, ते तिच्या घशात हाडासारखं अडकून राहिलं होतं.

ते भांडण मासळीच्या कारखान्यातलं. ऐन उमेदीत ती तिथे मासे चिरायची. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, बर्फाच्या पाण्यात हात घालायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या पुरुषापेक्षा कमी पगार घेऊन घरी जायचं. बायकांनी संप केला. पुढे होत्या नेट्टा आणि तिची मैत्रीण इना कारगिल. बरेच आठवडे टिकला संप. कोळसा संपला, उधारी बंद झाली, तरी टिकला. मग एका सकाळी बाहेरगावच्या मुली भरून एक व्हॅन गेटवर आली. चाकामागे डॉड होता. नेट्टाचा सख्खा थोरला भाऊ.

इनाने खिडकीच्या काचेवर थापा मारल्या, नावाने हाका मारल्या. डॉड समोर बघत हॉर्न दाबून राहिला आणि बायका बाजूला होईपर्यंत त्याने हात उचलला नाही. त्या आठवड्यात संप मोडला. नेट्टाला आणि इनाला परत घेतलं नाही. इनाचं घर गेलं. ती टेकडीवरच्या सरकारी खोल्यांत राहायला गेली आणि दुसऱ्यांच्या फरशा पुसत म्हातारी झाली.

संपफोड्याशी गाव बोलत नाही. गाव हळूहळू विसरलं, नेट्टा विसरली नाही. बेकरीत तो शिरला की ती पाव न घेता बाहेर पडायची. आईच्या दफनाला पेटी खाली सोडायच्या दोऱ्या दोघांच्या हातात होत्या, समोरासमोर, तरी त्यांची नजर मिळाली नाही. तीस वर्षांहून जास्त काळ गेला, आणि दोघांत एक शब्द झाला नाही.

ऑक्टोबरात या मैदानावर जोडीचे डाव होतात. जोडीत चेंडू एकच. एक फटका एकाने मारायचा, पुढचा दुसऱ्याने. नावं झोपडीबाहेरच्या पाटीवर खडूने लिहायची. एकाने आपलं नाव लिहायचं आणि शेजारची जागा मोकळी सोडायची. ज्याला त्याच्याबरोबर खेळायचं त्याने तिथे आपलं लिहायचं. नको असेल तर पुसून टाकायचं. बोलायचं काही नाही, रागवायचंही नाही. पण पाळी येईपर्यंत पुसलं नाही तर खेळावंच लागतं.

त्या वर्षी नेट्टाच्या नावाशेजारी कुणीतरी 'डॉड स्पिंक' लिहिलं. अक्षर थरथरतं होतं. कारखान्यातल्या धुराने डॉडची छाती खाल्ली होती. हा हिवाळा तो काढत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नेट्टा पाटीसमोर स्वेटरची बाही मुठीत धरून उभी राहिली. मागे बाकावर पोस्टमन एर्ची मच आणि त्याची बायको एफी बसले होते. त्या दोघांची जोडी आणि नेट्टाची, असा सामना होता.

"पुसायचं तर पूस बाई," एफी म्हणाली, "चहा गार होतोय."

नेट्टाने बाही सोडली. का, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्याला काहीतरी बोलायचंय हे तिला कळलं होतं. ते ऐकायचं की नाही हे तिचं ठरलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी नऊ होलांचा वेळ तिने त्याला दिला.

डॉड आला. कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. त्याने टोपीला हात लावला. तिने मान हलवली. पहिल्या होलचा पहिला फटका तिने मारला आणि ते चालू लागले; मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून.

हा खेळ दोघांना बापाने शिकवला होता. मासेमारीच्या ट्रॉलरवरून सुट्टीला आला की तो दोघांना एक चेंडू द्यायचा. दोन घ्यायची ऐपत नव्हती. त्याचा एकच नियम होता. जोडीदाराने चेंडू कुठेही घातला, वाळूत, काट्यांत, डबक्यात, तरी त्याने माफी मागायची नाही आणि दुसऱ्याने कुरकुर करायची नाही. जिथे आणून ठेवलाय तिथून मारायचं. लहानपणी एकदा डॉड "चुकलं गं" म्हणाला तर बापाने त्याला घरी पाठवलं होतं.

दुसऱ्या होलवर डॉडचा फटका वाऱ्याने उडाला आणि खांबावरच्या एका चादरीत जाऊन धपकन पडला. चादर नेट्टाची होती. एर्ची म्हणाला, आता धुलाईही डॉडच्या माथी. कुणी फारसं हसलं नाही. मैदानाच्या नियमाप्रमाणे नेट्टाने चेंडू चादरीखालून काढला, बाजूला ठेवला आणि मारला. डॉडने तोंडातून चकार शब्द काढला नाही. बापाचा नियम त्याला आठवत होता हे तिच्या लक्षात आलं.

पाचव्या होलचा चढ त्याच्याने चढवेना. अर्ध्यावर तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. श्वास बासरी फुटल्यासारखा वाजत होता. फटका त्याचा होता. एर्ची चांगला माणूस. तो म्हणाला की नेट्टानेच मारावा, आम्ही बघितलं नाही म्हणू. एफीने मान डोलावली.

नेट्टा भडकली. "पाळी त्याची आहे. मी त्याची पाळी मारायला तो मेलेला नाही."

मग ती काठी रोवून उभी राहिली. मागून दुसरी जोडी आली, तिला तिने हाताने पुढे जायची खूण केली. एक ढग खाडीवरून निघून दीपगृहापर्यंत गेला. डॉड सरळ झाला, त्याने चेंडू मारला. पन्नास पावलं गेला असेल. ती पुढे गेली आणि तिथून तिने मारला. एफी एर्चीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, ते नेट्टाला ऐकू आलं: एवढं प्रेम होतं तर इतकी वर्षं कुठे होतं म्हणे. याला प्रेम म्हणतात असं तिला वाटलं नव्हतं. ज्याची पाळी त्याने घ्यावी एवढंच. कामाच्या टेबलावर तिने हेच मागितलं होतं, गेटवरही.

नवव्या होलवर सामना बरोबरीत होता. पहिला फटका तिचा, दुसरा त्याचा. तिसऱ्यात तिने चेंडू हिरवळीच्या काठावर आणला. झेंडा पलीकडच्या टोकाला, मध्ये उतार. एर्ची आणि एफीचा डाव सहा फटक्यांत संपला होता आणि बरा संपला नव्हता. आणखी दोन फटक्यांत होल गाठला तर स्पिंक जिंकत होते. डॉड काठीवर वाकला. त्याचे हात पाटीवरच्या अक्षरांसारखे थरथरत होते. पण चेंडूला काठी लागली तेव्हा ते थांबले. चेंडू उतारावरून वळला, कुणीतरी दोरीने ओढत न्यावा तसा, आणि होलपासून वीतभर अंतरावर थांबला. त्या मैदानावर त्या महिन्यात त्याहून देखणा फटका कुणी मारला नसेल.

एर्चीने टोपी काढली. डॉड मात्र चेंडूकडे बघतच नव्हता. तो नेट्टाकडे बघत होता.

"चुकलो मी, नेट्टा," तो म्हणाला.

एफीला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "अरे, चुकलास कुठे? उचल गं चेंडू, एवढ्याशा अंतराचा फटका न मारताच दिला आम्ही."

नेट्टाने चेंडू उचलला नाही. तिला कळलं होतं. बापाच्या नियमाने जो शब्द या गवतावर बोलायचाच नाही, तो त्याने सगळ्यात चांगल्या फटक्यानंतर उच्चारला होता. म्हणजे खेळाचा बहाणा त्याने ठेवलाच नव्हता. या शब्दाची तिने तीस वर्षं वाट पाहिली होती. मिळाला की छाती हलकी होईल असं तिला वाटायचं. छाती हलकी झाली नाही. उलट तिला गेटवरची इना दिसली, काचेवर तळहात आपटणारी, आणि संताप वर आला; डॉडवर नाही, स्वतःवर. ती हा शब्द एकटीच घरी घेऊन चालली होती.

तिने वीतभर अंतरावरचा चेंडू सावकाश, नीट, काठीने होलात घातला. सामना संपला. मग ती त्याच्याजवळ गेली.

"ही माफी माझ्या एकटीची नाही," ती म्हणाली. "अर्धी माझ्याकडे आणून टाकलीस तर घेणार नाही. चल."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

त्याने टेकडीकडे पाहिलं. सरकारी खोल्यांच्या खिडक्या उन्हात दिसत होत्या. "चढवणार नाही मला," तो म्हणाला.

"पाचवा चढलास."

तिने त्याची पिशवी खांद्यावर घेतली, आपली दुसऱ्या खांद्यावर. एर्ची गाडी काढतो म्हणाला, तिने नको म्हटलं. गल्लीतून जाताना लोक दारात आले. स्पिंक भावंडं एका रस्त्याने चाललेली त्या गल्लीने एका पिढीत पाहिली नव्हती. डॉड भिंतीला धरून थांबायचा, तीही थांबायची. हात तिने दिला नाही. वरच्या वळणावर त्याने मागितलाही नाही, नुसता कोपर तिच्याकडे थोडा बाहेर आला, तेव्हा मात्र तिने धरला.

इनाचं दार दुसऱ्या मजल्यावर. नेट्टाने घंटा वाजवली आणि इना दारात आली. पांढरे केस, हातमोज्यात वाकडी झालेली बोटं. तिने नेट्टाला पाहिलं, मग डॉडला. तिचा चेहरा बंद झाला. पण दार तिने बंद केलं नाही.

नेट्टा बाजूला सरकली. शेवटचा फटका तिने मारला होता.

"पाळी तुझी," ती डॉडला म्हणाली.

डॉडने टोपी काढली. श्वास जुळवायला त्याला वेळ लागला. मग जे गवतावर म्हणाला होता तेच तो म्हणाला, पण इतक्या हळू की जिन्यातल्या वाऱ्यात ते विरून गेलं.

इनाने दाराच्या चौकटीला हात टेकला. "मोठ्याने बोल," ती म्हणाली. "त्या दिवशीही तुझ्या हॉर्नमुळे मला काही ऐकू आलं नव्हतं."

शेजारची दोन दारं उघडली. वरच्या जिन्यावर कुणीतरी थांबलं. डॉडने टोपी छातीशी धरली, जेवढा श्वास उरला होता तेवढा आत घेतला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.