पायापुरता उजेड

जगात उजेडाचं वावडं असलेली माणसं दोनच. एक चोर आणि दुसरे आमचे मामासासरे. चोराचं कारण निदान लहान मुलालाही कळतं. मामांचं कारण कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी माझा जो छळ केला तो सोसायला माझ्यासारखा गरीब स्वभावाचा जावईच पाहिजे. कारण मी धंद्यानं दिवेवाला. भोरच्या बाजारपेठेत माझं लाइटच्या सामानाचं दुकान आहे. शिवऱ्यापासून वेल्ह्यापर्यंत पुणेकरांनी जी शेतघरं बांधलीत, त्यांतल्या निम्म्या अंगणांत माझ्याकडचे दिवे लागतात. गिऱ्हाईक येतं तेच मुळी "उजेड कसा झक्क पडला पाहिजे" असं म्हणत येतं. मामा मात्र दुकानाची पायरी चढले की वर टांगलेल्या झुंबरांकडे एखाद्या उनाड पोराकडे बघावं तसं बघायचे आणि विचारायचे, "जावईबापू, ह्यात सगळ्यात मंद कुठला?" शेजारचा भांडीवाला हे ऐकून मला आठवडाभर पुरवून पुरवून चिडवायचा.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे धाकटे मामा. उमेद होती तोवर पिंपरीच्या एका कारखान्यात राबले. निवृत्त झाल्यावर मुलानं पुण्यात फ्लॅट दाखवला, तर म्हणाले, "मला काय खुराड्यात कोंबतोस व्हय रं?" आणि हिर्डोशीच्या वाटेवर, धरणाच्या काठाला जो वडिलोपार्जित तुकडा पाण्यातून वाचला होता, त्यावर घर बांधलं. बांधलं ते काय, तर खुराडंच! सुट्टीत नातवंडं येणार, त्यांना पोहायला हौद पाहिजे. हौदात वानरं उड्या मारायला नकोत, विरुळ्यासारखे पाणसाप नकोत, डास तर नकोतच. म्हणून हौद आणि पुढची ओसरी अशा सगळ्याला मिळून त्यांनी बारीक जाळी ठोकून घेतली, चारी बाजूंनी आणि वरूनसुद्धा. आता त्या घराला पंचक्रोशीत 'मच्छरदाणी' म्हणतात. एसटीचा कंडक्टर "मच्छरदाणीवाले, पुढं या!" अशी हाक देतो आणि मामाही निमूट पुढं जाऊन उतरतात. लाज वगैरे भानगड नाही.

ह्या मच्छरदाणीत दिवे बसवायचं काम अर्थातच घरच्या माणसाकडं आलं. मामांची अट एकच: दिवा दिसता कामा नये आणि उजेड पायापुरता पडला पाहिजे. मी पायरीच्या ओठाखाली बारीक पट्टी लावली, कुंड्यांच्या मागं छोटे दिवे लपवले, हौदाच्या काठाला खालच्या अंगानं उलट्या तोंडाची एक ओळ बसवली. मग मामा तपासायला बसले. आधी खुर्चीवर, मग पाटावर, मग चटईवर चक्क आडवे होऊन. कुठूनही दिव्याचं तोंड दिसलं की ओरडायचे, "ह्यो बगा, डोळा मारतोय!" आणि मी पुन्हा पक्कड घेऊन गुडघ्यावर. एवढं करूनही एका पट्टीचा उजेड त्यांना जास्तच वाटला, तेव्हा त्यांनी तिला गेरू फासला. मी कळवळून म्हणालो, "मामा, अशानं दिव्याचं आयुष्य कमी होतं." तर म्हणाले, "होऊ द्या की. आपलं तरी कुठं वाढतंय?"

नातीच्या वाढदिवसाला मुलानं हौसेनं हौदात रंग बदलणारे दिवे सोडले होते. पाणी घटकेत हिरवं, घटकेत जांभळं. मामा घरातून बाहेर आले, त्यांनी एकवार बघितलं आणि "तमाशाची पार्टी उतरलीय का काय आपल्याकडं?" म्हणून बटणच बंद केलं. पोरं रडली, सून फुगली, मामा ढिम्म. व्याह्यांची कथा तर विचारूच नका. मुलाचे सासरे पहिल्यांदाच मुक्कामाला आले होते. पांढराशुभ्र सदरा, हातात पुरणपोळीचं ताट, गप्पा मारत मारत ओसरीवरून निघाले ते सरळ हौदात. ताट तरंगलं, पोळी बुडाली, व्याही 'अगं आई गं' म्हणून हातपाय मारायला लागले. आम्ही सगळे धावलो. मामा जागचे न हलता म्हणाले, "व्याही, पानी कमरेयेवढंच हाय. उबं ऱ्हावा की!" व्याही उभे राहिले, पण त्यानंतर दिवस मावळायच्या आत पुण्याची गाडी पकडल्याशिवाय ते कधी राहिले नाहीत. मामी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "ह्यांच्या डोळ्यात घुबड शिरलंय गं बाई, दुसरं काय!"

ह्यानंतर मात्र माझं डोकं फिरलं. चार लोकांत आपली काही अब्रू आहे की नाही? दिवेवाल्याच्या सासुरवाडीत माणसं अंधारात बुडतात, हे बाजारपेठेत कळलं तर दुकानाला कुलूपच. मी एक चांगला दणकट फोकस घेतला, सरळ हिर्डोशीची वाट धरली आणि मामा परसात गेले आहेत असं बघून तो ओसरीच्या आढ्याला टांगून चालूही केला. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. ओसरी लख्ख उजळली. मामा आले. चिडतील म्हणून मी तयारीत होतो, पण ते चिडले नाहीत. घाईघाईनं माझं मनगट धरलं आणि मला जाळीपाशी नेलं. "काय दिसतंय?" म्हणाले. मला जाळी दिसत होती. आतून उजेड पडल्यामुळं ती धुतलेल्या चादरीसारखी पांढरीफटक झाली होती. मामांनी बटण बंद केलं. हळूहळू जाळी विरघळली आणि तिच्या पलीकडं धरणाचं पाणी, पाण्यापलीकडचा काठ, काठावरचा काळा डोंगर असं सगळं पुढं आलं. "बोलू नका," मामा म्हणाले. आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळानं त्या काळ्या डोंगराच्या पायाशी ज्वारीच्या दाण्याएवढा एक पिवळा ठिपका लागला.

"लागला," मामा म्हणाले, आणि त्यांनी जो श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतो. मग घरात तोंड करून हाक दिली, "वाढा गं!"

तो ठिपका म्हणजे मावशींचा दिवा. मावशी म्हणजे मामांची थोरली बहीण, त्यांची आक्का. आई लवकर गेली, तेव्हा मामांना हिनंच कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन ती समोरच्या वाडीत गेली. तेव्हा मध्ये नुसती भाताची खाचरं होती. इकडून हाक मारली की तिकडून 'ओ' यायची. मामा लहानपणी रुसले की खाचरं तुडवत बहिणीकडं जेवायला जायचे. पुढं धरण झालं, पाणी चढलं. "खाचरं गेली त्याचं येक येळ काय न्हाई," मामा म्हणाले, "पर हाक बुडाली वो." आता पलीकडं जायचं तर दोन एसट्या बदलून अख्ख्या धरणाला वळसा, आणि वाडीत मोबाईलला रेंज नाही. मावशींचा मुलगा पुण्याला, मालक कधीच गेलेले. घरात एकट्या. मामा तर घर बांधल्या दिवसापासून सांगत होते, हितं येऊन राहा. पण मावशींचा एक हट्ट होता. दिवेलागणीला घर अंधारात ठेवायचं नाही. भाऊबीजेला यायच्या, ओवाळायच्या, जेवायच्या आणि चहाचा कप खाली ठेवला की निघायच्या. "घरला दिवा कोन लावंल?" म्हणायच्या. मामाही त्यांच्याकडं जायचे ते सकाळी, आणि दिवे लागायच्या आत परत, कारण ह्या काठावरून तो लागलेला बघायचा असे. बघितल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही. पावसाळ्यात धुकं दाटलं आणि पलीकडचा काठ दिसेनासा झाला की मामींना स्वयंपाक निम्माच करावा लागायचा. हे सगळं मला कळलं, मामींना माहीत होतं, पण मामांनी खुद्द आक्काला कधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडं भाऊ बहिणीला असलं काही सांगतो होय?

त्या दिवसापासून मी त्या घरात एकही नवा दिवा बसवला नाही. उलट गेरूचा आणखी एक हात स्वतः मारला.

गेल्या हिवाळ्यात मावशी परसात पडल्या. हाड मोडलं नाही, पण पायातली ताकदच गेली. मुलगा आला आणि म्हणाला, आता पुरे, पुण्याला चल. ह्या वेळी मावशींचं काही चाललं नाही. जाताना एक मुक्काम भावाकडं करायचा, एवढंच त्यांनी मागून घेतलं. भेटायला म्हणून मी आणि बायको दुपारीच जाऊन थांबलो. मामांनी बहिणीला ओसरीवर आरामखुर्चीत बसवलं, पायावर घोंगडी घातली. गप्पा चालल्या होत्या. ऊन उतरलं, सांज झाली, मामींनी आतून बटण दाबलं आणि पायरीखाली तो आमचा सुप्रसिद्ध उजेड पडला. मामा सवयीनं जाळीकडं वळले. पलीकडं सगळं काळं. दिवा लावणारी तर शेजारीच बसलेली.

मावशी इकडं तिकडं बघत होत्या. "आन दिवा?" त्यांनी विचारलं.

"लागलाय की," मामा म्हणाले. "ह्यो काय पायरीखाली. बाहीर येक कवडसा जात न्हाई बग." जरा तोऱ्यातच म्हणाले.

मावशींनी वाकून त्या पायरीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी तू घरीच असायचास?"

"मंग कुठं जातोय?"

"म्या रोज दिवा लावला की हिकडं बगायची. समदा काळोख. म्हनायची, गेला असंल पुन्याला लेकराकडं. रोजच काळोख दिसाय लागला, तवा म्हनलं, आता ह्यो हितं ऱ्हातच नसंल. सनासुदीला तेवडा येत असंल. ऱ्हायला ये म्हनायचास, त्ये आपलं मायेपोटी."

"आगं, मंग इचारायचं न्हाई?"

"काय इचारू? बरं चाललंय न्हवं तुजं, म्हनून गप बसायची."

मामांचा चेहरा बघवेना. माझी बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मामा खुर्चीपाशी खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "तू दिसावीस म्हनून आंधार केला गं म्या, आक्का." मावशींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "येडा रं येडा." सकाळी गाडी आली आणि त्या गेल्या.

पंधरवडाही झाला नसेल, मामांचा फोन आला. लांबून दिसेल असा दिवा पाहिजे म्हणाले. कशाला, ते मी विचारलं नाही. जाळीच्या बाहेर खांब पुरला आणि पाण्याच्या अंगाला चहूकडं उजेड फेकणारा दिवा बसवून दिला. आता तिन्हीसांजेला मच्छरदाणी पांढरीफटक होते, किडे थव्यानं येऊन आपटतात, ओसरीवरून पलीकडचा काठ मुळीच दिसत नाही. दिसून तरी काय उपयोग म्हणा. त्या वाडीतलं ते घर बंद आहे आणि हा दिवा बघायला तिथं कुणी नाही. मामी कुरकुरतात, पण बटण बंद करायला जात नाहीत.

परवा गेलो तेव्हा दिवेलागणीच झाली होती. हौदाच्या काठावर एका कोपऱ्यातच रेंज येते, तिथं मामा मोबाईल कानाला लावून उभे होते. मावशी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतात, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. मामा जोरानं बोलत होते, मधलं सगळं पाणी ओलांडून जायचं असल्यासारखे. "आक्का, दिवा लावला गं!"

पलीकडून मावशींचा आवाज मलाही ऐकू आला.

"व्हय रं, दिसला. जा, जेव आता."

मामांनी मोबाईल खिशात टाकला आणि ते जेवायला आत गेले.