घास न भरवणारी मुलगी

आसनगाव स्टेशनाबाहेर आले आणि आधी माहुली गडाचे सुळके शोधले. धुरकट हवेतही ते जागच्या जागी होते. जर्मनीत नर्सिंग शिकायला गेल्यापासून मी पहिल्यांदाच घरी येत होते, पण ही सुट्टी मौजेची नव्हती. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि उजवा हात लुळा पडला होता. थोडी हालचाल आहे, वापरला तर सुधारेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी परत जायच्या आत बाबांनी त्या हाताने जेवावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शहापूरला आत्याकडे उतरले. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"किती वाळलीस गो! तिकडं जेवायला देत नाय काय?"

"देतात की. संध्याकाळी गार पाव आणि चीज."

"आनि भात?"

"भात नाही."

आत्याला हे ऐकून बसलेला धक्का बाबांच्या आजारापेक्षा मोठा असावा. तिने वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालाची उसळ) आणि भात पुढ्यात ठेवला, आणि मी जेवेपर्यंत टोकावड्याला, आमच्या घरी, सोबत यायची स्वतःची पिशवीही भरली.

एसटी किन्हवलीवरून सरळगावकडे निघाली. भाताची कापणी उरकली होती, खळ्यांवर पेंढा रचलेला होता. शेजारी आत्याला डुलकी लागली आणि मला हेर क्लाइन आठवले. हेर म्हणजे आपलं 'श्रीयुत'. ते तिथल्या वृद्धाश्रमातले माझे पहिले रुग्ण. त्यांचाही एक हात अधू. घरच्या माणसाचं करतात तसं मी त्यांच्या पावाला लोणी लावलं, तुकडे केले आणि एक तोंडापाशी नेला. आता शाबासकी मिळणार म्हणून मी खुशीत होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शिक्षिकेने मला बाजूला घेतलं. "त्यांना जे जमतं, तेच तू काढून घेतलंस," ती म्हणाली. "हात मागे बांधून उभी राहा."

ते शिकण्यापेक्षा इंजेक्शन देणं सोपं होतं. पाव घसरतो, चहा सांडतो आणि आपण नुसतं बघायचं! मला वाटायचं, या लोकांना काळीजच नाही. मग एका संध्याकाळी हेर क्लाइननी अख्खा पाव स्वतः लोणी लावून संपवला आणि माझ्याकडे बघून ऐटीत भुवया उडवल्या. त्या दिवशी मला पटलं.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. मुरबाडच्या कारखान्यात आयुष्यभर मशीन चालवलेला माणूस पाखराच्या पिलासारखं तोंड उघडत होता आणि आई भात कालवून भरवत होती.

"आलीस बाय?" बाबांची जीभ किंचित अडखळली.

आईने ताट माझ्याकडे सरकवलं. "घे, आता तू भरव. तुलाच येतं ना सगळं?"

मी ताट बाबांसमोर ठेवलं, त्यांचा उजवा हात भातावर टेकवला आणि माझे हात मागे बांधले. बोटं हलली. निम्मा भात मांडीवर पडला. मला बघायला आलेल्या शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"जर्मनीला जाऊन हेच शिकलीस?" आत्या भडकली. "बापाला एक घास भरवत नाय?"

आई ताटाकडे पाठ फिरवून आत गेली. ते मला जास्त लागलं.

"ऱ्हाव दे गो," बाबा म्हणाले. "नाय जमत."

"जमेल. मला घाई नाही."

खरं तर होती. सुट्टी भराभर सरत होती आणि रोज दोन्ही वेळेला हाच तमाशा. ताट सरकू नये म्हणून मी त्याखाली ओलं फडकं घातलं. भात मऊ केला. आईचा अबोला मात्र काही मऊ होईना. शेवटी मी लबाडी केली. बाबांच्या आवडीची सुकटीची चटणी (सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी) ताटाच्या अगदी कडेला वाढली आणि दुसरीकडे बघत बसले. जरा वेळाने कुरुमकुरुम आवाज आला. बाबा चटणी चावत होते, आणि उजव्या हाताची बोटं माखलेली होती! आई दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने ताट वाढलं आणि स्वतःचे हात पदरात गुंडाळून समोर बसली.

निघायच्या सकाळी आईने तांदळाच्या भाकऱ्या केल्या. आत्या पुन्हा शहापूरहून आली होती. यावेळी तिच्या पिशवीत माझ्यासाठी वाल होते, जर्मनीत मोड आणायला. बाबांनी मला जवळ बसवलं. उजव्या हाताने भाकरीचा कोपरा मोडला, चटणीत टेकवला आणि माझ्या तोंडाकडे आणू लागले. हात वाटेतच कलला. चटणी माझ्या ओढणीवर सांडली. मी पटकन त्यांचं मनगट धरायला गेले.

"हात मागं घे गो," आई म्हणाली. "त्यांना जमतं."

मी हात मागे बांधले आणि तोंड उघडलं. घास आधी गालाला लागला, मग ओठांना, मग तोंडात आला.

एसटी मुरबाडच्या रस्त्याला लागली तरी गालावर चटणी चुरचुरत होती. परदेशात जाऊन काय शिकलीस, हा आत्याचा प्रश्न तिथे मला पुन्हा आठवला. परीक्षा अजून व्हायच्या आहेत, पण उत्तर मी खाऊन आले होते.